फांदीवरचे बिऱ्हाड : घरातल्या आमरीची निगा आणि तिच्यामागचे विज्ञान

दिवाळीत मिठाईच्या खोक्याऐवजी फुललेली कुंडी भेट देण्याची पद्धत आता शहरांतून चांगली रुळली आहे. त्यातही एका झाडाचा मान मोठा असतो. जाड, रुंद अशी चार-पाच पाने, त्यांच्या बगलेतून निघालेला आणि कमानीसारखा वाकलेला दांडा, आणि त्यावर पंख पसरून विसावलेल्या पतंगांसारखी ओळीने बसलेली पांढरी किंवा जांभळी फुले. दुकानदार याला नुसते ‘ऑर्किड’ म्हणतो. ऑर्किडला मराठीत आमरी असा सुरेख शब्द आहे, पण तो पुस्तकांबाहेर फारसा पडला नाही. ही फुले दोन-दोन, कधी तीन महिने टिकतात. मग एकेक करून गळतात. पुढे पावसाळ्यात पाने पिवळी पडून लिबलिबीत होतात आणि कुंडी जिन्याखाली जाते. ‘फार नाजूक झाड, आपल्याकडे जगत नाही,’ असा निकाल घरोघर दिला जातो.

हा निकाल मुळातच चुकीचा आहे. झाड नाजूक नाही आणि आपली हवाही त्याला बहुतेक ठिकाणी मानवते. घरातल्या आमऱ्या मरतात त्या दुर्लक्षाने क्वचित, काळजीने अधिक. आपण त्यांना तुळशीसारखे वाढवू पाहतो आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

भेट म्हणून येणाऱ्या या आमरीच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव फॅलेनॉप्सिस. हे नाव डच सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लुडविग ब्लूम यांनी १८२५ मध्ये दिले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘पतंगासारखी दिसणारी’. त्याआधी १७५२ मध्ये लिनिअसचा शिष्य पेर ऑस्बेक याने जावाच्या किनाऱ्यावर तिचा नमुना गोळा केला होता आणि पुढच्याच वर्षी लिनिअसने तिची नोंद ‘एपिडेंड्रम’ या प्रजातीत केली. ‘एपिडेंड्रम’ म्हणजे झाडावर राहणारी. वर्गीकरण पुढे बदलले, पण निगेच्या दृष्टीने ते जुने नाव अधिक उपयोगाचे होते. इंडोनेशियाने १९९३ मध्ये आपली तीन राष्ट्रीय फुले जाहीर केली. त्यात आपला मोगरा आहे, राक्षसी आकाराचे रॅफ्लेशिया आहे आणि तिसरी ही ‘चंद्र-आमरी’. तिचे भाऊबंद ईशान्य भारतापासून फिलिपाइन्स आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरले आहेत, आणि एक लहानखुरी जात आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातही सापडते.

झाडावर राहते म्हटल्यावर मराठी माणसाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो बांडगूळ. हा आमरीवर अन्याय आहे. बांडगूळ यजमान झाडाच्या खोडात आपली मुळे घुसवते आणि त्याचा रस शोषते. आमरी सालीला नुसती धरून बसते. जे पाणी मिळते ते पावसाचे आणि धुक्याचे, जे अन्न मिळते ते सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यातले आणि खोबणीत कुजलेल्या पाल्यातले. फांदी ही तिची फक्त जागा, तीही भाड्याची म्हणा. सह्याद्रीत आंबा, जांभूळ, ऐन अशा झाडांवर मे-जूनमध्ये गुलाबी तुऱ्यांनी लटकणारी सीतेची वेणी पाहिली असेल, तर हे बिऱ्हाड कसे असते ते सांगायची गरज नाही. मुळांभोवती माती नाही, सतत वारा आहे, माथ्यावर पानांची सावली आहे, पाऊस धो धो पडतो आणि तासाभरात निथळून जातो. निगेचे सगळे नियम याच चार-पाच गोष्टींतून निघतात.

ते न समजल्याची किंमत इंग्रजांनी एकदा मोजलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उष्ण प्रदेशातल्या आमऱ्या जहाजे भरभरून इंग्लंडला जात. उष्ण कटिबंध म्हणजे उकाडा आणि दमटपणा, एवढेच तिथल्या माळ्यांच्या डोक्यात होते. म्हणून काचघरे कोळशाच्या शेगड्यांनी तापवली जात, दारे-खिडक्या गच्च बंद ठेवल्या जात आणि आत सतत वाफ धरली जाई. झाडे हजारोंनी मेली. क्यूच्या उद्यानाचे जोसेफ हूकर यांनी तर इंग्लंडला उष्ण प्रदेशातल्या आमऱ्यांची स्मशानभूमीच ठरवले. पुढे १८३० च्या दशकात चॅट्सवर्थ येथील ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या बागेचा प्रमुख जोसेफ पॅक्स्टन याने तापमान उतरवले, हवा खेळती ठेवली आणि कोणत्या जातीला कुठली हवा लागते याचा विचार करून झाडांची विभागणी केली. त्याच सुमारास त्याने जॉन गिब्सन या माळ्याला कलकत्तामार्गे खासी टेकड्यांत धाडले होते. आमऱ्या मुळात कशा जागी राहतात हे पाहून आलेला माणूस हाताशी असणे, ही पॅक्स्टनची खरी कमाई. आपल्या दिवाणखान्यांत आज घडते ती त्या बंद काचघरांचीच छोटी आवृत्ती आहे.

आता मुळांकडे वळू. आमरीचे मूळ दोऱ्यासारखे बारीक नसते, ते बोरूएवढे जाड, रुपेरी आणि रबरासारखे दिसते. त्यातले खरे मूळ आत असते. बाहेर असतो तो मृत पेशींचा स्पंजासारखा थर, त्याला व्हेलामेन म्हणतात. पाऊस लागताच हा थर काही सेकंदांत पाणी टिपून घेतो आणि नंतर ते आतल्या जिवंत मुळाला सावकाश देत राहतो. कोरडा असताना त्याच्या पेशींत हवा असते म्हणून तो रुपेरी दिसतो. पाणी भरले की तो पारदर्शक होतो आणि आतल्या मुळातले हरितद्रव्य दिसू लागते. मूळ हिरवे! या झाडाची मुळेही थोडेफार प्रकाशसंश्लेषण करतात. चांगल्या विक्रेत्याकडची आमरी पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत असते त्याचे मुख्य कारण हेच, की मुळे पाहून पाणी देता येते. मुळे रुपेरी झाली की पाणी द्यायचे, हिरवी असतील तर हात आवरायचा. ‘आठवड्यातून किती वेळा पाणी घालू?’ या प्रश्नाला यापेक्षा नेमके उत्तर नाही.

हे मूळ मातीत गाडले की काय होते? स्पंज सतत ओला राहतो, त्यात हवा शिरत नाही, आतले जिवंत मूळ गुदमरते आणि मग बुरशी आपले काम करते. मुळे कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, पाने सुरकुततात. घरातली माणसे सुरकुतलेली पाने पाहतात आणि आणखी पाणी घालतात. आमरीच्या बहुतेक मृत्यूंची कथा इतकी सरळ आहे. पाने मलूल दिसली तर आधी मुळे तपासावीत. दाबल्यावर टणक लागणारे मूळ जिवंत, आणि बोटाला पोकळ किंवा चिकट लागणारे मेलेले.

म्हणून कुंडीत माती नको, शेणखत नको, आणि ज्याची फार शिफारस होते ते कोकोपीटही नको, कारण ते दबून बसते. पाइनच्या सालीचे तुकडे मिळाले तर उत्तम. नाहीतर कोकणात कुठेही पडलेली नारळाची सोडणे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून घ्यावीत. मात्र सोडणात क्षार असतात, म्हणून ती दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवावी लागतात. त्यात लाकडी कोळशाचे आणि विटेचे तुकडे मिसळले की आपल्याकडच्या पावसाळ्याला पुरे पडेल असे मिश्रण होते. विकत आणलेल्या झाडाच्या मुळांभोवती पुष्कळदा ओल्या शेवाळाचा घट्ट गोळा असतो. रोपवाटिकेतल्या आखलेल्या पाण्याला तो ठीक असतो, मुंबईच्या जुलैत तो घात करतो. फुले संपली की तो काढून टाकावा, मेलेली मुळे आचेवर धरून घेतलेल्या कात्रीने कापावीत आणि झाड नव्या मिश्रणात बसवावे. पुढे दीड-दोन वर्षांनी मिश्रण कुजून बारीक होते, तेव्हा पुन्हा. भेट देताना बाहेरून घातलेली चिनी मातीची देखणी कुंडी हा आणखी एक शत्रू. तिला तळाशी भोक नसते आणि आत साठलेले पाणी कोणाला दिसत नाही.

पाणी द्यायचे ते मात्र पावसासारखे द्यावे. चमचाभर रोज देण्यापेक्षा नळाखाली धरून सगळे मिश्रण भिजेपर्यंत द्यावे आणि पूर्ण निथळू द्यावे. अमेरिकेत बर्फाचे तीन खडे आठवड्यातून एकदा ठेवायची रीत निघाली आहे. तिथल्या विद्यापीठांत त्याची चाचणी झाली आणि फुलांच्या आयुष्यावर त्याचा वाईट परिणाम दिसला नाही. खड्यांचा गुण थंडाव्यात नसून मोजक्या पाण्यात आहे, हे उघड आहे. आपल्याकडे ऋतू इतके टोकाचे आहेत की असे एकच माप वर्षभर चालणार नाही. मे महिन्यात पुण्या-नाशिकला दोन-तीन दिवसांनी पाणी लागेल, तर कोकणपट्टीत श्रावणात दहा दिवसही लागणार नाही. विदर्भात उन्हाळ्याची धास्ती सर्वांत जास्त. पण तिथला कूलर आमरीला अनपेक्षितपणे उपकारक ठरतो, कारण गार, दमट आणि वाहती हवा तिला एकाच यंत्रातून मिळते. झोताच्या थेट समोर कुंडी ठेवू नये एवढेच. बोअरचे जड पाणी असेल तर मुळांवर पांढरा थर बसतो. अशा घरांनी पावसाचे पाणी धरून ठेवावे.

दुसरी जागा जपायची ती गाभा. फॅलेनॉप्सिसला वाढीचा एकच कोंब असतो, पानांच्या मधोमध. केळीसारखी बाजूने पिले फुटत नाहीत. त्या गाभ्यात रात्रभर पाणी साचून तो कुजला की झाड सहसा संपते. रानात हा धोका नसतो, कारण तिथे झाड खोडाला आडवे लटकलेले असते, पानांची टोके जमिनीकडे असतात आणि पडलेला थेंब घरंगळून जातो. आपण त्याला कुंडीत उभे केले आणि त्याच्या पानांची वाटी झाली. यावर उपाय साधा आहे. पाणी सकाळी द्यावे आणि गाभ्यात थेंब राहिला तर कागदाच्या टोकाने टिपून घ्यावा. ज्यांना जमेल त्यांनी झाड लाकडाच्या फळीवर किंवा नारळाच्या सोडणावर काथ्याने तिरपे बांधावे. त्याला पाणी जास्त वेळा लागते, पण झाड आपल्या मूळच्या बैठकीत राहते.

फांदीवर पाण्याचा साठा नाही, म्हणून आमरीने श्वासोच्छ्वासातही काटकसर केली आहे. बहुतेक झाडे दिवसा पानांची रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्यात त्यांचे पुष्कळ पाणी उडते. फॅलेनॉप्सिस दिवसा रंध्रे मिटून घेते, रात्री गारव्यात उघडते, घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवते आणि दुसऱ्या दिवशी उजेडात त्याचे अन्न करते. या प्रक्रियेचा एक पहिला सुगावा भारतातच लागला. मद्रास इलाख्यातले कंपनी सरकारचे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी पानफुटीचे पान चाखून पाहिले, तेव्हा ते पहाटे आंबट लागले आणि दुपारी बेचव. त्यांचे हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनिअन सोसायटीने छापले आणि पुढे या चयापचयाला पानफुटीच्याच कुळाचे, क्रॅस्युलेसीचे, नाव मिळाले. ‘ही झाडे रात्री हवा शुद्ध करतात’ अशी जाहिरात याच माहितीवर बेतलेली असते. दोन-चार कुंड्यांनी खोलीच्या हवेत मोजण्याजोगा फरक पडत नाही, तेव्हा त्या आशेवर पैसे घालू नयेत.

उजेडाचे फार लांबवायला नको. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. पश्चिमेची असेल तर पातळ पडदा लावावा. पाने फिकट पोपटी-हिरवी असावीत. ती गर्द हिरवी आणि लुळी झाली असतील तर झाड अंधारात आहे, मग ते कितीही तजेलदार वाटो. खताचेही तसेच. १९:१९:१९ सारखे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने धुवून काढणे, एवढे पुरते. सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यावर जगणाऱ्या झाडाला मेजवानी सोसत नाही.

पूर्वी श्रीमंतांच्या काचघरात दिसणारे हे झाड भेटवस्तूंच्या दुकानात कसे आले, हेही पाहण्यासारखे आहे. आमरीचे बी धुळीसारखे असते, एका बोंडात लाखांनी भरते, पण त्यात अंकुराला पोसणारा अन्नसाठा नसतो. ते रुजते कसे, हे कोडे फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये सोडवले. विशिष्ट बुरशीने बीमध्ये शिरकाव करून अन्न पुरवले तरच रानात ते रुजते. अमेरिकेत लुइस नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवले की साखर घातलेल्या आगरवर बुरशीशिवायही बी उगवते. मग ऊतिसंवर्धन आले. फॅलेनॉप्सिसचा एकमेव कोंब कापला तर झाडच जाते, म्हणून फुलांच्या दांड्याच्या पेरावरचे डोळे घेऊन रोपे करायचे तंत्र बसवले गेले. आज तैवान आणि नेदरलँड्समध्ये अशी रोपे कोट्यवधींनी तयार होतात.

रानातली आमरी अशी तयार होत नाही. योग्य बुरशी, योग्य साल आणि योग्य ओल यांचा मेळ जमला तर लाखांतले एखादे बी रुजते आणि त्याला फूल यायला अनेक वर्षे जातात. पावसाळी सहलीला गेलेले लोक घाटातल्या फांदीवरची सीतेची वेणी ओरबाडून आणतात आणि गॅलरीत टांगतात. ती तिथे एक-दोन उन्हाळे तग धरते. हौसेला आज प्रयोगशाळेतली रोपे मिळत असताना हे करण्याला प्रस्तुत लेखकाला तरी चोरीखेरीज दुसरा शब्द सुचत नाही.

आता फुलांचे. ती इतकी टिकतात कारण ती वाट पाहत असतात. परागीभवन करणारा कीटक रानात क्वचित येतो, म्हणून फूल दीर्घकाळ ताजे राहते. परागीभवन झाले की ते इथिलीन वायू सोडते आणि एक-दोन दिवसांत मान टाकते. फ्लॅटमध्ये कीटक येत नाही, म्हणून फूल अडीच महिने थांबते. पण इथिलीन बाहेरूनही येऊ शकते. पिकणारी केळी हा वायू सोडतात, आणि पेंढ्यात घातलेली आंब्याची अढी तर पुष्कळच. फळांच्या टोपलीशेजारी ठेवलेल्या आमरीच्या कळ्या न उमलताच पिवळ्या पडल्या, तर दृष्ट लागली म्हणण्यापूर्वी टोपली हलवून पाहावी.

पुन्हा फुले का येत नाहीत, ही सर्वांची तक्रार. झाड जगते, पाने निघतात, पण दांडा निघत नाही. इथे खताचा काही संबंध नसतो, प्रश्न तापमानाचा असतो. फॅलेनॉप्सिसला फुलण्याचा इशारा मिळतो तो काही आठवड्यांच्या गारव्याने, साधारण २६ अंशांखालच्या. दिवस-रात्रीच्या तापमानात फरक हवा असे माळी सांगत आले. पण मिशिगन राज्य विद्यापीठात ब्लँचर्ड आणि रंकल यांनी संकरित वाणांवर केलेले आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग वेगळे सांगतात. रात्र कितीही गार ठेवली तरी दिवस २९ अंशांचा असेल तर झाडे सहसा फुलली नाहीत. दिवस गार असेल तर फुलली. निर्णय दिवसाच्या तापमानावर होतो.

मुंबईकराची अडचण यातून लख्ख कळते. जानेवारीत मुंबईची रात्र सतरा अंशांच्या आसपास उतरते, पण दुपार ३१ ची असते. रात्री शयनगृहात चालणारे वातानुकूलन आमरीच्या दृष्टीने चुकीच्या वेळी चालते. यावरून असे अनुमान निघते की दिवसभर २४ अंशांवर ठेवलेल्या कचेरीत खिडकीजवळचे टेबल मिळाले, तर मुंबईतली आमरी घरापेक्षा तिथे फुलण्याची शक्यता जास्त. वाऱ्याचा कोरडा झोत मात्र तिच्यावर नको. पुणे, नाशिक, नागपूर इथे बाहेरची दुपार उबदार असली तरी जाड भिंतींच्या, उत्तरेकडच्या खोल्या पौष-माघात दिवसाही गार राहतात. तिथे खिडकीच्या उजेडात कुंडी महिना-दीड महिना ठेवावी. महाबळेश्वर-पाचगणीला तर काही करावे लागत नाही.

जुनी फुले गळाल्यावर दांडा हिरवा असेल आणि झाड सशक्त असेल, तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापावा. त्या पेरातून कधी नवी फांदी फुटते, कधी पाने-मुळे असलेले छोटे रोपच धरते. झाड अशक्त असेल तर दांडा तळातून काढून त्याला विसावा द्यावा.

नवा दांडा पानाच्या बगलेतून निघतो आणि सुरुवातीला तो मुळासारखाच दिसतो. मुळाचे टोक गोल, गुळगुळीत असते. दांड्याचे टोक किंचित चपटे आणि एका बाजूला खाच असलेले असते. जानेवारीत तो दिसला तर फुले साधारण चैत्रात येतात. एवढे दिवस कुंडी होती त्याच जागी, त्याच तोंडाने ठेवावी. दांडा उजेडाच्या दिशेने वाढतो आणि कळ्याही त्याच हिशेबाने स्वतःला वळवून घेतात. केर काढताना कुंडी फिरली तर त्या पुन्हा वळू पाहतात आणि ओळ वाकडीतिकडी होते. कुंडीच्या कडेला खिडकीच्या बाजूने खडूची एक रेघ ओढून ठेवली म्हणजे काम भागते.